उभ्या गाईचे खूर

केजमध्ये उज्मा नालबंदचं घर विचारलं, की सांगणारा पत्ता देण्याआधी उलट विचारतो, "गाय लंगडतीय का?" नाही म्हटलं तर तो जरा हिरमुसतो. उज्मा म्हणजे गाईचे खूर, एवढं त्या गावात आता पक्कं झालं आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते आणि कितीतरी वर्षं शिजवते आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. खिचडी काय, कुणीही शिजवतं, असं लोकांना वाटतं. शाळाभर पोरांची खिचडी बुडाला लागू न देता एकदा शिजवून बघावी आणि मग बोलावं. पण ते राहू द्या, गोष्ट खुरांची आहे.

उज्माचे वडील ख्वाजा नालबंद. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकायची, हा त्यांच्या घरातला पिढीजात धंदा. बाजाराच्या दिवशी त्यांच्यापुढे बैलांची रांग लागायची. बैल दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र जखडायचे, आणि तो मान हिसकू नये म्हणून कुणीतरी मानेवर बसायचं. ख्वाजाभाईंच्या बैलांच्या मानेवर उज्मा बसायची, कारण तिचा भाऊ मुजाहिद बैलाला भ्यायचा. मुजाहिदनं पुढे फळं विकायला टेम्पो घेतला. केळी लाथ मारत नाहीत, असं तो स्वतःच सांगतो.

मग ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि बैलांपाठोपाठ ख्वाजाभाईंचे गुडघेही गेले. कानस, सांडस, हातोडा, पत्र्या, खिळे, सगळं पोत्यात घालून त्यांनी पोतं खुंटीला अडकवलं. उज्माचं लग्न गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या फिरोजशी झालं, ती दोन गल्ल्या सोडून राहायला गेली, शाळेत लागली. दुपारी भांडी घासून झाली की रिकामी. रिकामं बसणं तिला जमत नाही आणि घरात दोन पैसे जास्तीचे आले तर ते कुणाला नको असतात?

शाळेच्या खिचडीत घालायला भाजी आणायची म्हणून ती गावाबाहेर छबुबाईंच्या मळ्यात जायची. छबुबाईंचे मालक मोहनराव म्हणजे बडं प्रस्थ. पंचायत समितीवर होते, अजूनही खुर्चीवर बसताना आधी इकडेतिकडे बघतात. पण गोठा छबुबाईंचा. धारा त्या स्वतः काढतात, गडीमाणसांवर सोडत नाहीत. काँक्रीटच्या गव्हाणीपुढे दिवसभर बांधलेल्या काळ्या-पांढऱ्या संकरित गायी, त्यांत एक कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचं नाव टिकली. तिचे खूर वाढून पुढून असे वर वळले होते, की गाईनं जुन्या काळची मोजडी घातली आहे असं वाटावं. ती टाचांवर चालायची.

"काकू, हिचे खूर काढाय पायजेत," उज्मा म्हणाली.

"काढाय पायजेत, ते मलाबी दिसतंय. काढतंय कोण? तुझ्या बापाचे तर गुडघे गेले."

"मी काढते."

छबुबाईंनी तिच्याकडे मेथीची जुडी निवडावी तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? खिचडीवाली?"

"खिचडीवाली शाळेत. हितं नालबंदाची पोरगी."

शाळेच्या हजेरीत तिचं नाव शेख उज्मा फिरोज आहे. पण त्या दिवशी बापाचं नाव तिनं स्वतःहून पुढे केलं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

ख्वाजाभाईंनी पोतं उतरवून दिलं ते हौसेनं. पोरीला समोर बसवून पाठ म्हणून घ्यावा तसं म्हणवून घेतलं. दोर कुठून कुठे न्यायचा, ओढताना पाय कुठे रोवायचा, हातातल्या बांगड्या आधी काढून ठेवायच्या. शेवटी बोट उगारून म्हणाले, "जनावर पाडल्याबिगर खुराला हात लावायचा न्हाई."

तेच झालं. रविवारी सकाळी उज्मानं टिकलीला दोर लावला, दोन गडी ओढायला घेतले, आणि बापानं बैल पाडला असता तशी गाय पाडली. काँक्रीटवर पाडली. गाभण आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. बैलाला कोण विचारतं? बैलाच्या हिशेबानं सगळं शिकलेल्या माणसाला हा प्रश्न सुचतच नाही. तिनं वाढलेलं नख कापलं, तळवा सपाट केला, कानस फिरवली. चारी खूर असे झाले, की ख्वाजाभाईंनी पाठ थोपटली असती.

मग दोर सोडला, आणि टिकली उठली नाही.

पुढचे पाय टेकवले, मागचे घसरले, पुन्हा आडवी झाली. शेपटी पिळली, पोती टाकली, गड्यांनी उचलून धरली. दिवस कलायला लागला तेव्हा कुठे ती थरथरत उभी राहिली, आणि पुढचे कितीतरी दिवस दूध आटलं ते आटलंच. पोटातलं वासरू वाचलं, हे छबुबाईंच्या सेवेचं फळ.

त्या दिवशी छबुबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गाईकडे बघत एवढंच म्हणाल्या, "खूर चांगले केलेस. आता पुन्हा माझ्या दावणीला यायचं न्हाई."

गावात दूध घालायला लोक डेअरीवर जमतात, तिथे बातमी दुधाच्या आधी पोचते. आणि ती 'उज्मानं गाय मोडली' अशी गेली नाही, 'नालबंदाच्या पोरीनं गाय मोडली' अशी गेली. बाजारतळावरच्या चहाच्या टपरीवर ख्वाजाभाई काठी टेकत जाऊन बसायचे. तिथला धुळाजी त्यांचा जुना दोस्त, एके काळी बैलांची दलाली करायचा. त्यानं चारचौघांत विचारलं, "काय बे ख्वाजा, आयुष्यात तुझ्या हातनं एक बैल न्हाई मोडला. पोरीनं पहिल्याच दिवशी भोपळा फोडला म्हणं."

ख्वाजाभाईंनी चहा अर्धा टाकला, घरी आले आणि पोतं पुन्हा खुंटीला अडकवलं. टपरीवर जाणं बंद झालं. पोरीला ते एका शब्दानं बोलले नाहीत. उज्माला मोहनरावांचं काही वाटत नव्हतं, डेअरीवरच्या लोकांचं तर मुळीच नाही. बाप टपरीवर जात नाही, एवढं तिला खुपत होतं. ती टपरी त्याला परत मिळवून द्यायची, तर पुन्हा खुराला हात घातला पाहिजे, आणि हात घालायचा तर आपलं चुकलं कुठे ते आधी कळलं पाहिजे.

म्हणून ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. इथे बऱ्याच जणी घरी बसून रडल्या असत्या. डॉक्टर प्रियदर्शनी नवीन आलेल्या, वयानं उज्माहून लहान, बोलायला मिरची.

"बैल वेगळा, गाय वेगळी, हे कुणी सांगितलं नाही तुला?" त्या म्हणाल्या. "एवढी कास घेऊन ती गुळगुळीत काँक्रीटवर उठणार कशी? आणि गाभण होती. विचारलं होतंस?"

"न्हाई, मॅडम."

"मग आता रडू नकोस. शीक."

दवाखान्यापुढे लोखंडी पाइपांचा खोडा होता. सगळ्यांनी पाहिलेला असतो तो. गाय आत घालायची, मागे आडवा दांडा लावायचा आणि इंजेक्शन द्यायचं. उज्मानंही तो शंभरदा पाहिला असेल. त्या दिवशी मात्र तिला दिसलं, की आतली गाय उभी आहे. शाळा सुटल्यावर ती तिथे जायला लागली. खूर उचलून कसा बांधायचा, पोटाखाली पट्टा कुठे यायला हवा, तळवा अंगठ्यानं दाबल्यावर लवायला लागला की कानस कशी थांबवायची, हे सगळं तिनं डॉक्टरीणबाईंकडून बोलणी खात खात शिकून घेतलं.

ख्वाजाभाईंना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "लोखंडात उभी केलेली गाय कुनीबी कापील. मग नालबंद कशाला पायजे?"

"अब्बा, बैल उभा राहत न्हवता म्हणून तुमी पाडायचा. पाडणं म्हणजे नालबंदी न्हाई. खूर वळखणं म्हणजे नालबंदी."

"मला शिकवतीस?"

"तुमीच शिकवलंय, तेच सांगते."

ख्वाजाभाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

पोतं खुंटीलाच राहिलं, म्हणून उज्मानं कानस आणि चाकू नवे घेतले. फिरोज खोडा करायला बसला. गडी कामसू, पण आयुष्यात त्यानं फक्त गेटं आणि जाळ्याच केल्या होत्या. पहिला खोडा तयार झाला तो वर टोकदार भाले आणि मध्ये लोखंडी कमळ घेऊन. उज्मा बघतच राहिली. "अजी, गाय काय नवरी हाय का, मांडवात उभी करायला?" फिरोज म्हणाला, "गिऱ्हाइकाला दिसायला चांगलं पायजे." भाले कापले. कमळ राहिलं, ते अजून आहे. दुसऱ्या खेपेला खोडा अरुंद झाला, तिसऱ्या खेपेला जमला. चारी बाजू सुट्या होतात आणि मुजाहिदच्या टेम्पोत मावतात. पोटाखालचा पट्टा ट्रकवरचा माल बांधतात त्यातला. टेम्पोला केळ्या-पपईचा वास इतका मुरलेला, की गावात शिरला की गायीच त्याच्या मागे लागतात. मुजाहिद आत काच लावून बसून राहतो.

पण गाय द्यायची कुणी? बातमी सगळीकडे पोचलेली. शेवटी हातावर पोट असलेल्या आश्रुबानं दिली. त्याच्याकडे एकच गाय, आणि तिचे खूरही एकमेकांवर चढलेले. तो म्हणाला, "कर बाई. मोडली तरी माझीच, न्हाई मोडली तरी माझीच. माझ्या एका गाईची बातमी डेअरीवर कोन सांगत बसनार?"

गाय खोड्यात गेली, पण मागच्या पायाला हात लावू देईना. उज्माच्या मांडीला एक लाथ बसली, मग दुसरी. दोन तास गेले. उज्मा हरली. हात धुतले, बापाच्या शिस्तीनं कनवटीला बांधून ठेवलेल्या काचेच्या बांगड्या घरी जायचं म्हणून पुन्हा चढवल्या, आणि जाता जाता गाईच्या मांडीवर थाप मारली. बांगड्या किणकिणल्या, आणि गाईनं मागचा पाय आपणहून मागे सरकवला. धार काढायला बाई बसली की सरकवते ना, तसा.

उज्मा जागच्या जागी थांबली. बैल पुरुषांच्या हाताखालचा. त्याला दोर कळतो, आरडाओरड कळते. या गाईला रोज दोनदा हात लागतो तो आश्रुबाच्या बायकोचा, बांगड्या भरलेला. किणकिण झाली की काही वाईट होत नाही, हे गाईला ठाऊक आहे. उज्मानं तिथेच बादली मागून घेतली, गाईच्या कुशीला डोकं टेकून धारेला बसावं तशी बसली, कासेवरून हात खाली घोट्यापर्यंत नेला आणि खूर उचलला. गाय रवंथ करत राहिली.

"माझ्या बायकूला सांगू नको," आश्रुबा म्हणाला. "तिला वाटतं गाय तिचीच हाय."

आश्रुबाची गाय सरळ चालत डेअरीच्या रस्त्यानं गेली, आणि ते मात्र लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. मग शेजारपाजारच्या एकदोन गायी आल्या. मग वडवणीकडून फोन. रविवार भरायला लागले. उज्मानं बांगड्या पुन्हा कधी काढल्या नाहीत. फुटतात, नव्या भरते. पण मोठ्या गोठ्यांची दारं बंदच होती, कारण मोठे गोठे छबुबाईंकडे बघून चालायचे. आणि ख्वाजाभाई टपरीवर जात नव्हते ते नव्हतेच. आश्रुबाच्या गाईचं कुणी टपरीवर बोलत नाही.

अशात टिकली व्याली. कालवड झाली. आणि काही आठवड्यांतच मागच्या उजव्या पायानं इतकी लंगडायला लागली, की खूर टेकवेना. डॉक्टर प्रियदर्शनींनी तपासलं. खुराच्या दोन नख्यांपैकी बाहेरच्या नखीत आत पू झाला होता. "औषधानं हे जाणार नाही, नखी उघडायला लागेल," त्या म्हणाल्या. "मी दवाखाना सोडून अर्धा दिवस इथे बसू शकत नाही, आणि खुराला माझ्यापेक्षा उज्माचा हात बसलाय. तिला बोलवा."

मोहनराव म्हणाले, "त्यापरीस विकून टाकू." बाजारात लंगड्या गाईचं काय होतं, ते छबुबाईंना ठाऊक होतं. त्या रात्री नीट जेवल्या नाहीत असं त्यांच्या गड्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शाळेत आल्या. गडी पाठवला नाही, फोन केला नाही, स्वतः. स्वयंपाकखोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. उज्मा कढई घासत होती.

"पाणी दे गं."

उज्मानं तांब्या दिला. छबुबाई प्यायल्या. तांब्या परत दिला नाही, हातातच धरून उभ्या राहिल्या.

"टिकली लंगडतीय."

"ऐकलं."

"मग आली कावून न्हाईस?"

"तुमी येऊ नको म्हणलात, काकू."

"म्हणले," छबुबाई म्हणाल्या. "आता ये म्हणते."

मराठवाड्यातल्या मोठ्या घरच्या बाईला याहून जास्त माफी मागता येत नाही, आणि उज्मा ती ओळखण्याइतकी शहाणी आहे. ती म्हणाली, "येते. पण गाय पाडणार न्हाई. तिच्या डोक्याशी तुमी उभं राहायचं, गडी न्हाई. आणि माझे अब्बा येतील."

"त्यांना कशाला?"

"बघायला."

ख्वाजाभाई 'नक्को' म्हणाले, मग पुन्हा 'नक्को' म्हणाले, आणि टेम्पो निघाला तेव्हा पोतं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेले होते. छबुबाईंच्या अंगणात त्यांना खुर्ची दिली. गावातले पाचपन्नास लोक जमले, कारण दुसऱ्यांदा गाय मोडताना बघायला कुणाला आवडत नाही? मोहनराव पायरीवर उभे. डॉक्टरीणबाई दवाखान्यातून मोटारसायकलवर येऊन गेटाशी थांबल्या.

टिकली खोड्याजवळ आली आणि उज्माला बघून चारी पाय रोवून थांबली. गाय विसरत नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "वळखलं गड्या तिनं." लोक हसले. उज्माचा चेहरा उतरला, पण पाय मागे गेला नाही. तिनं सगळ्यांना अंगणाच्या कडेला सरकायला सांगितलं, छबुबाईंच्या हातात दावं दिलं, स्वतः धारेची बादली उचलली आणि खोड्याच्या आत जाऊन बसली. गाईकडे पाठ करून. बादलीच्या काठावर बांगड्या किणकिणवत राहिली. छबुबाई पुढे झाल्या, "ये गं बाई, ये माझी," म्हणत. बराच वेळ काही झालं नाही. मग तीन पायांवर लंगडत टिकली बादलीकडे गेली. उज्मा पुढून बाहेर सरली, मागचा दांडा पडला.

पट्टा पोटाखाली आला, पाय बांधला गेला. उज्मानं नखीचा तळवा पातळ करायला घेतला. एक काळी रेघ दिसली. तिच्या मागोमाग चाकू नेला, जपून, नखाएवढं नखाएवढं. आणि एकदम काळपट पाण्याची चिळकांडी उडून वास सुटला. पुढचे लोक मागे सरले. टिकलीनं मात्र मोठा श्वास सोडला, आणि छबुबाईंच्या खांद्यावर हनुवटी ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी जवळ येऊन पाहिलं. "नीट उघडलंयस. आता या नखीवर भार यायला नको. दुसऱ्या, चांगल्या नखीला खालून उंची द्यायची, म्हणजे ही अधर राहील. त्याला ठोकळा चिकटवतात, पण तो डिंक इथे मिळत नाही. मागवायला लागेल."

उज्मानं खुर्चीकडे पाहिलं. ख्वाजाभाईंनी आधीच पोत्याचं तोंड सोडलं होतं.

"चिकटवायचं कशाला," ते म्हणाले. "ठोकायचं."

जुन्या टायरचे दोन थर नखीच्या मापानं कापून झाले. बैलाची एक पत्री वर बसली. ख्वाजाभाईंनी खिळा हातात घेतला, गुडघ्यावर खाली बसायला गेले, आणि बसता येईना. दोन-तीनदा प्रयत्न केला. मग हातोडा उज्मापुढे धरला आणि खुर्चीतूनच म्हणाले, "खिळा बाहेरच्या अंगाला कलता. आवाज टण् आला तर पुढं जा. बद्द आला तर खिळा मांसात चाललाय, काढ."

उज्मानं ठोकलं. टण्, टण्, टण्. दोघंही तो आवाजच ऐकत होते; लोक आहेत हे विसरले होते. डॉक्टरीणबाईंनी पत्री हलवून बघितली, हलली नाही. त्या हसून म्हणाल्या, "हे मी कॉलेजात सांगणार आहे."

पट्टा सुटला, दांडा निघाला. टिकलीनं उजवा मागचा पाय टेकवला. उचलला, पुन्हा टेकवला. मग चालत गव्हाणीकडे गेली, आणि काँक्रीटवर चार पायांतला एकच पाय वाजत गेला, टक्, टक्. अख्ख्या तालुक्यात पत्री मारलेली गाय तेवढी एक. पुढचे दोन महिने छबुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला चालवून दाखवत होत्या.

मोहनराव पायरी उतरून आले. "बाकीच्या गायींचं उद्याच करून टाक."

"उद्या शाळा हाय, अण्णा. रविवारी पुन्हा आश्रुबा. त्याच्या मागं वडवणीची दोघं. तुमचा नंबर त्यांच्या मागं."

आश्रुबाच्या मागे मोहनराव कधी, कुठल्याही रांगेत उभे राहिलेले नाहीत. ते काहीतरी बोलणार होते. छबुबाई गव्हाणीपासून मान न वळवता म्हणाल्या, "लाव गं आमचा नंबर."

परतताना बाजारतळ आला तसं ख्वाजाभाईंनी मुजाहिदला थांबायला लावलं. काठी टेकत उतरले आणि टपरीवर धुळाजीच्या समोर जाऊन बसले. चहा सांगितला. टेम्पोतून उज्माला दोघांची तोंडं दिसत होती आणि बोलणं ऐकू येत होतं.

"गाय उभी होती, बे," ख्वाजाभाई म्हणाले. "उभ्या गाईचे खूर काढले."

"कुनी काढले?"

ख्वाजाभाईंनी चहावर एक फुंकर घातली, तो पूर्ण संपवला, आणि कप ठेवून म्हणाले, "नालबंदानं."